जाळीपाशी मी, मागं अक्का

बॅडमिंटनच्या दुहेरीत मी नऊ वर्षं एकाच जोडीदारणीबरोबर खेळले आणि तिचा खेळ मी कधी बघितला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. मागच्या महिन्यात नांदेडात एका शाळेच्या बक्षीस समारंभात मी हे बोलले, तर मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मॅडम, म्हणजे तुमचं पटत नव्हतं का?" पटत होतं हो. मधे वर्षभर पटतही नव्हतं, ते पुढं सांगते. पण न बघण्याचं कारण भांडण नव्हतं. कामच तसं होतं.

दुहेरीत एका बाजूला दोघी. आपण हल्ला करत असलो की एकीनं जाळीपाशी उभं राहायचं आणि दुसरीनं मागं. मागची उंचावरून शटल खाली हाणते, तो स्मॅश. समोरच्यांनी ते कसंबसं परत केलं की पुढचीनं ते जाळीवरच ठेचायचं. मी पुढची. पुढचीनं मागं वळून बघायचं नाही, हा पहिला नियम. एक तर तेवढा वेळ नसतो, आणि दुसरं म्हणजे आपल्याच जोडीदारणीचं शटल डोळ्यावर बसलं तर डोळा गेलाच म्हणून समजा. त्यामुळं नऊ वर्षं माझ्या मागं फाट् असा आवाज व्हायचा, कानाशी वारा लागायचा, समोरच्या पोरींची तारांबळ उडायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. पॉइंट झाल्यावर मी विचारायची, "काय मारलंस गं?"

जोडीदारीण म्हणजे महानंदा, उदगीरची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिकडं कर्नाटकाच्या शिवेला थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मीही तिला अक्काच म्हणत आले. घर लिंगायतांचं, वडलांचं कापडाचं दुकान. अक्का उंच, सडसडीत, बोलायला कमी. मी अर्धापूरची, आमची केळीची बाग. उंची पाच फूट एक इंच, आणि डोकं कायम तापलेलं. हे सगळं लिहू का म्हणून अक्काला मेसेज केला तर तिचं उत्तर आलं, "लिही. पण मला लई मोठी करू नको." तेवढं मात्र मला जमेलसं वाटत नाही.

आमची जोडी लावली कुरेशी सरांनी. सर नांदेडात एका कचेरीत कारकून होते आणि सकाळ-संध्याकाळ हॉलवर पोरांना शिकवायचे. मी एकेरीत सगळ्यांकडून हरायची, कारण मागचं उंच शटल मला पोचायचंच नाही. अक्का तेव्हा लातूरला कॉलेजात होती. तीही एकेरीत हरायची, कारण जाळीपाशी तिचा हात जड. लातूरच्या एका स्पर्धेत सरांनी आम्हा दोघींना हरताना बघितलं, बाकावर शेजारी बसवलं आणि म्हणाले, "तू आगे. ये पीछे. बस, खतम." एवढ्यावर पुढची नऊ वर्षं गेली.

पहिली चार वर्षं अक्का दर शनिवारी एसटीनं नांदेडला यायची. मग एका खासगी कंपनीनं आम्हाला खेळाडू म्हणून करारावर घेतलं. अक्कानं नांदेडातच खोली केली. काम काय, तर खेळणं. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, आणि स्पर्धेत छातीवर कंपनीचं नाव. माझ्या चुलत्यांना हे कधी पटलंच नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की ते सांगायचे, "पोरगी हापिसात हाय."

बाहेरच्या माणसाला या धंद्यातल्या कष्टाचा अंदाज येत नाही. शटल हे हंसाच्या नाहीतर बदकाच्या पिसांचं असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमधे ती पिसं इतकी कडक होतात की दोन फटक्यांत तुटतात. म्हणून आदल्या दिवशी शटलना वाफ द्यायची. मी ते आईच्या इडलीच्या भांड्यावर करायची. ओल्या पिसांचा वास घरभर. आई बाहेरून ओरडायची, "वंदे, कोंबडी शिजवून राहिलीस का काय?" उदगीरला तर अक्काच्या आईनं ही पिसं पाखराची आहेत म्हटल्यावर तिला स्वयंपाकघरात पाऊलच टाकू दिलं नाही. अंगणात वेगळी चूल मांडून दिली. त्या चुलीवर एक कळकट पातेलं होतं. त्याला त्यांच्या घरात "महानंदाचं भांडं" म्हणायचे आणि कुणी शिवायचं नाही.

आणि आम्हाला खेळायला बोलावणारी गिऱ्हाईकं तरी काय एकेक! कंधारला एकदा प्रदर्शनी सामना होता, मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीचं लग्न झालेलं, वरच्या झालरी तशाच. अक्कानं मागून शटल उंच उडवलं ते वर गेलं आणि खाली आलंच नाही. आम्ही चौघी माना वर करून उभ्या. शेवटी एक आचारी शिडी घेऊन आला. बक्षीस म्हणून संयोजकांनी एक मिक्सर दिला. मी म्हटलं, "दादा, आम्ही दोघी आहोत." ते म्हणाले, "पण टीम तर एकच हाय ना ताई?" बिनतोड मुद्दा. मग आम्ही तो मिक्सर सरांच्या घरी नेऊन दिला. सरांच्या बायकोकडं, म्हणजे चाचींकडं, तो अजून चालू आहे.

आता त्या वर्षाबद्दल सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

करार दर दोन वर्षांनी नवा व्हायचा. त्या वेळी कंपनीनं सांगितलं, राज्याच्या संघात नाव आलं तरच पुढं ठेवू. निवड चाचणी लातूरला, चार महिन्यांवर. मी पंचवीसची, अक्का अठ्ठावीसची. करार गेला तर मला अर्धापूरला जाऊन लग्न करावं लागणार होतं आणि अक्काला उदगीरला जाऊन. दोघींनाही दुसरं काही येत नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वर्षी आम्ही हरायला लागलो. वाईट हरायला लागलो. रॅकेटवर रॅकेट आपटायची. दुहेरीत यासारखी लाज नाही. शटल दोघींच्या मधे आलं की एकीनं "माझं!" म्हणायचं, दुसरीनं हात आवरायचा. बाहेर जाणारं असलं तर "सोड!" म्हणायचं. पोरं हे पहिल्या आठवड्यात शिकतात. मी घसा फोडून "माझं" म्हणायची आणि अक्का तरी हात घालायची. खाडकन आवाज, शटल जमिनीवर. मी "सोड, सोड" म्हणून ओरडायची आणि अक्का बाहेर चाललेलं शटल नेमकं उचलून समोरच्यांच्या हातात द्यायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला वाटलं, बाईच्या डोक्यात हवा गेली. टाळ्या मागचीलाच मिळतात, पेपरात फोटो येतो तो स्मॅश मारणारीचा. जाळीपाशी मनगट किती चाललं हे कुणाला दिसतंय? शिवाय तिची एक खोड होती. खेळताना जागा बदलतात. कधी मागचीला पुढं यावं लागतं, पुढचीला मागं जावं लागतं. अक्का पुढं आली की टिकायचीच नाही. एक फटका झाला की पळत मागं. सरही ओरडायचे, "महानंदा, आगे रुक ना रे माँ! भूत है क्या उधर?" मी मनात म्हणायची, भूत नाही, तिथं टाळ्या नाहीत.

एका सामन्यानंतर तर मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "कान फुटलेत का तुझे?"

अक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि थोडं हसली. म्हणाली, "चुकलं गं." मला त्या हसण्याचा आणखीनच राग आला.

चाचणीला महिना राहिला असताना निवड समितीतल्या एका गृहस्थांचा मला फोन आला. म्हणाले, "वंदना, पुढं खेळणारी तुझ्यासारखी दुसरी नाही. पण तुझी ती जोडीदारीण संपली. दुसरी एक चांगली उंच मुलगी आहे, तिची जोडी मोडलीय. तिच्याबरोबर चाचणी दे. तुझं नाव येईल." मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले. अक्काला काही सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात नांदेडात एक स्पर्धा होती. ती एकत्र खेळू आणि मग सांगू, असं ठरवलं. खरं सांगायचं तर तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

त्या स्पर्धेत उपांत्य फेरीत आमच्यासमोर दोन सख्ख्या बहिणी आल्या. थोरली चपळ, धाकटी डोक्यानं तल्लख. पहिला गेम चालू असताना हॉलच्या बाहेरून कुणाची तरी वरात निघाली. डीजे असा की खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. माझा मलाच आवाज येईना. पंच स्कोअर हातानं दाखवू लागले. समोर त्या बहिणींच्या रॅकेटी दोनदा एकमेकींवर आपटल्या. आणि आम्ही? आमची एकही चूक नाही. मी पुढं, अक्का मागं. मी काही बोलत नव्हते, बोलून उपयोगच नव्हता, आणि तरी मी सोडलेलं प्रत्येक शटल अक्का घेत होती आणि मी घेणार असलेल्याला ती हात लावत नव्हती. एकवीस-बारा. एवढ्या गोंगाटात ही असं कसं खेळते, मला उमजेना.

दुसऱ्या गेममधे वरात पुढं गेली. हॉल शांत झाला. आणि त्या धाकटीनं खेळ ओळखला. मला आणि सरांना इतक्या दिवसांत जे दिसलं नाही ते तिनं एका गेममधे बघितलं. ती मुद्दाम आखूड शटल टाकून अक्काला पुढं ओढायला लागली आणि अक्का पुढं आली की तिच्या डोक्यावरून मारायला लागली. म्हणजे आता अक्का जाळीपाशी आणि मी मागं. एकदा असंच शटल अक्काच्या डोक्यावरून माझ्याकडं यायला लागलं. माझ्या हातातलं सोपं शटल. मी ओरडले, "माझं!" इतक्या जोरात की शेजारच्या कोर्टवरचा खेळ थांबला. पाणी पिणारी पोरं वळली, पंच दचकले, दारातला वॉचमन आत डोकावला.

हॉलमधली सगळी माणसं वळली. एक अक्का सोडून. तिनं मागं झेप घेऊन रॅकेट फिरवली आणि ती माझ्या मनगटावर बसली.

आम्ही तो सामना हरलो. पण माझं मनगटाकडं लक्षच नव्हतं. सामना संपल्यावर अक्का पाठमोरी बसून किट भरत होती. मी तिच्या मागं दोन हात अंतरावर उभी राहिले आणि म्हटलं, "अक्का." काही नाही. "अक्का, उदगीरची एसटी सुटली." ती मोजे गुंडाळत होती. "अक्का, हॉलला आग लागलीय." तिनं पिशवीची चेन ओढली, उठली, वळली, मला बघितलं. माझे डोळे भरले होते, ते बघून तिला सगळं कळलं. ती परत खाली बसली.

हॉलच्या मागं पायऱ्या आहेत, तिथं आम्ही जाऊन बसलो. मी तिच्या समोर बसले, तोंड दिसेल अशी.

"कधीपासनं?"

"दोन वर्सं झाली. आधी डावा गेला, आता उजवा बी चाललाय. कानातलं एक बारीक हाड घट्ट होत चाललंय म्हणले डॉक्टर."

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर खेळली असतीस?"

 तिनं न सांगताही मी तिला सोडून निघाले होते.

"मग मागं कसं खेळतीस गं इतकं बिनचूक?"

अक्कानं बोटानं माझा खांदा दाखवला. म्हणाली, "मागनं तुझी पाठ दिसती ना. शटल घ्यायचं तुझ्या मनात आलं की तुझा डावा खांदा आधी उतरतो. सोडणार असलीस की उजवी टाच टेकती. घ्यावं का सोडावं कळंना झालं की तू मान आखडतीस, तवा मी तयारच ऱ्हाते. तू तोंडानं काय बोलतीस ते ऐकायची गरजच न्हाई पडली मला. पुढं आले की मात्र समोर जाळी. तू कुठं हाईस तेच कळत न्हाई."

म्हणून ती मागं पळायची. मी तिला टाळ्यांची हावरी समजत होते आणि ती माझी पाठ दिसावी म्हणून पळत होती. इतकी वर्षं एका बाईनं माझ्या खांद्याचं, टाचेचं, मानेचं इतकं बारकाईनं वाचन केलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या आईलासुद्धा माझी टाच कधी टेकते हे सांगता येणार नाही. आणि मी हिला भर हॉलमधे विचारलं होतं, कान फुटलेत का तुझे. ते तिनं माझ्या ओठांवरून वाचलं होतं आणि हसून "चुकलं गं" म्हणाली होती. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. ती जाणार नाही.

मी म्हटलं, "अक्का, मला तुला एक सांगायचंय."

"माहीत हाय. दुसरीसंगट चाचणी देऊन राहिलीस."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तूच." मग तिनं सांगितलं. सर्व्हिस करणारी पाठीमागं हात नेऊन बोटांनी खूण करते, आखूड टाकणार का लांब, म्हणजे मागची तयार राहते. अक्का म्हणाली, "आधी तू बोटं दाखवून थांबायचीस, मी बघितलं का न्हाई म्हणून. आठ दिस झालं, नुसती बोटं हलवतीस आन् हात काढून घेतीस. मागं कुणी नसल्यावानी."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "जा तू. वाईट न्हाई वाटणार. तुझा खेळ अजून लई बाकी हाय."

मी तिथूनच त्या गृहस्थांना फोन लावला आणि सांगितलं, मी महानंदाबरोबरच चाचणी देणार. ते म्हणाले, "चूक करून घेताय, मॅडम." मी म्हटलं, "चूक आधीच झालीय, ती दुरुस्त करून राहिलेय." फोन ठेवला. अक्का विचारत होती, काय म्हणलीस, काय म्हणलीस. मी सावकाश, तोंड तिच्याकडं करून परत सांगितलं. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

अक्कानं एकच अट घातली. सरांशिवाय कुणाला कळता कामा नये. चाचणीआधी कळलं तर "बहिरी" म्हणून बाजूला काढतील, उदगीरला कळलं तर स्थळं यायची बंद होतील. मी तिला शब्द दिला.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. "दो साल? और मैं इसको भूत भूत बोलके हँसता था." मग चष्मा पुसला आणि उठले. "चलो. पाँव से बोलेंगे."

हॉलच्या चटईखाली लाकडी जमीन होती. सरांनी अक्काला जाळीपाशी पाठमोरी उभी केली आणि मला मागून पाय आपटायला लावले. एकदा आपटलं तर "माझं". दोनदा आपटलं तर "सोड". पहिल्या दिवशी काही जमेना. मग सर म्हणाले, जाड तळव्याचे बूट काढ, पातळ घाल. पातळ तळव्यातून अक्काला थाप कळायला लागली. तीन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. माझी टाच काळीनिळी झाली. शेवटच्या आठवड्यात सर तिच्यावर शटलमागून शटल मारत होते आणि ती मागं न बघता, काही न ऐकता, नेमकं हवं ते सोडत होती. एकदा सर माझ्याशेजारी येऊन पुटपुटले, "ये लडकी क्या चीज है बाबा." 

लातूरची चाचणी. गटातला शेवटचा सामना, आणि समोर त्याच दोघी बहिणी. जिंकेल ती जोडी संघात. दोन्ही जोड्यांनी एकेक गेम घेतला. धाकटी अक्काला पुढं ओढत होती, पण आता ते चालत नव्हतं. मी मागून पाय आपटत होते आणि अक्का जाळीपाशी खांबासारखी टिकून होती.

तिसऱ्या गेमच्या मध्याला धाकटीनं हात वर केला. "सर, या मुद्दाम पाय आपटतात. आमचं लक्ष जातं." तक्रार खोटी नव्हती. समोरच्याचं लक्ष उडेल असं काही करणं नियमात बसत नाही. पंचांनी आम्हाला बोलावलं. "पाय का आपटताय?"

मी अक्काकडं बघितलं. तिनं पंचांचे ओठ वाचले होते. माझ्याकडं बघून तिनं किंचित मान हलवली. नको. खरं कारण सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी चालवूनही घेतलं असतं. पण निवड समिती समोर टेबलावर बसली होती आणि मी शब्द दिला होता.

"सवय आहे सर," मी म्हटलं.

"ही ताकीद. परत आपटला तर पॉइंट त्यांना."

झालं. आता अक्का पुढं आली की तिचं आणि माझं काही नातंच उरणार नव्हतं. मी जमेल तेवढं तिला मागं ठेवलं, मी पुढं राहिले. तरी दोनदा रॅकेट आपटली. अठरा-अठरा. एकोणीस-एकोणीस. मग अक्कानं मागून असा एक स्मॅश मारला की थोरलीच्या हातातली रॅकेट फिरली. वीस-एकोणीस. एक पॉइंट हवा होता.

पुढचं शटल चाललं ते संपेचना. पंचवीस-तीस फटके झाले असतील. धाकटीनं तिचा डाव टाकलाच. आखूड शटल, अक्का पुढं धावली, मी मागं गेले, आणि धाकटीनं अक्काच्या डोक्यावरून शटल ताडकन मारलं. उंची अशी की अक्कानं हात वर केला तर सहज लागेल. मला मागून स्पष्ट दिसलं, ते बाहेर चाललंय. चांगलं वीतभर बाहेर. दोन थापा मारल्या असत्या तर अक्कानं सोडलं असतं, पण पॉइंट त्यांना गेला असता. न मारल्या तर तिची रॅकेट लागणार. माझा पाय उचललेला होता. मी तो तसाच हवेत धरला. तोंडातून आवाजही काढला नाही, कुणासाठी काढायचा? अक्काची रॅकेट वर गेली.

आणि तिनं ती खाली घेतली. सावकाश, अंगाशी. शटल तिच्या केसांवरून गेलं, माझ्या शेजारून गेलं आणि मागच्या रेषेपलीकडं पडलं. रेषेवरच्या माणसानं दोन्ही हात पसरले. बाहेर.

मला काही क्षण कळेचना आपण जिंकलो म्हणून. कडेला कुरेशी सर दोन्ही हातांनी डोकं धरून उभे होते. मी धावत जाऊन अक्काला धरलं, तिचे दोन्ही खांदे धरून तिला माझ्याकडं वळवलं आणि तोंड मोठं करून विचारलं, "तुला कसं कळलं? मी पाय आपटला न्हाई. मी काहीच केलं न्हाई. कसं कळलं तुला?"

अक्का धापा टाकत होती. तिनं हनुवटीनं जाळीपलीकडं दाखवलं.

"त्या धाकटीचं तोंड बघ की. शटल हाणलं आन् तिथंच पडलं बिचारीचं. तिला कळलं होतं, बाहेर चाललंय."

मी वळून बघितलं. धाकटी रॅकेट खाली सोडून अजून तशीच उभी होती, आणि कुणालाही वाचता येईल इतकं तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. अशी तोंडं माझ्या समोर, चार हातांवर, मी हजारो बघितली होती. मला धड डोळे होते, धड कान होते. मी फक्त शटल बघत आले होते.